गोरज मुहूर्त आणि आयरिश बॅरन

माझ्या व्याह्याने माझ्या बायकोला फसवलं. आयर्लंडचा बॅरन म्हणवून घेतलं, त्या नावावर आमचा गोरज मुहूर्त घेतला, तिच्याकडून पाय धुवून घेतले, आणि बदल्यात दिलेला शब्द भर मांडवात मोडला. मुलगी म्हणते, बाबा, हे असं लिहू नका. मी लिहिणार.

मी दगडाचा व्यापारी. इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरपासून थोडं पुढे, हमरस्त्याला लागून माझं यार्ड आहे. ग्रॅनाइट, संगमरवर, क्वार्ट्झ. आसपासच्या बऱ्याच मराठी स्वयंपाकघरांतले ओटे माझ्याकडून गेलेत. मराठी मंडळातले काका-काकू येतात, स्लॅबवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "आपल्या माणसाला काय लावणार?" मी म्हणतो, "काकू, आपल्या माणसाला लावतोय म्हणूनच एवढं सांगितलं." मग घासाघीस होते, चहा होतो, काकू जाताना आपण जिंकलो असं समजून जातात. मला त्यात आनंद आहे. घासाघीस म्हणजे भांडण नव्हे. दोघांनी एकमेकांचा शब्द धरून ठेवायचा, एवढाच तिचा नियम.

माझ्या टेबलाच्या खणात कायम एक लिंबू असतं. कोणी इटालियन संगमरवर म्हणून काही विकायला आणलं की कोपऱ्यात एक थेंब टाकतो आणि हवापाण्याच्या गप्पा मारतो. खरा संगमरवर असेल तर तेवढ्या जागी निस्तेज होतो. नकली मालाला काही होत नाही, तो तसाच चकाकत राहतो. पण व्याह्याला लिंबू लावून बघायची आपल्यात पद्धत नाही. वरपक्ष जे सांगेल ते ऐकून घ्यायचं, वर आणखी पानसुपारी द्यायची.

माझ्या मुलीने आयरिश मुलगा निवडला. मुलगा चांगला आहे, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आमटी-भात हाताने खातो, माझ्या बायकोला आई म्हणतो. प्रश्न त्याच्या बापाचा. हा बाप तरुणपणी आयर्लंडहून आला, इथे घरांच्या दलालीत बस्तान बसवलं, त्याची बायको, मुलगा लहान असतानाच, वारली. उंच, लालबुंद चेहरा, बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपणच जगातले एकमेव ऐकणारे. पहिल्या भेटीत त्याने माझ्या हातात कार्ड ठेवलं. जाड कागद, वर सोनेरी ढाल, ढालीवर एक प्राणी, आणि नावाखाली अमुक ठिकाणचा बॅरन.

"म्हणजे राजघराणं?" मी विचारलं.

"राजघराणं नाही," तो नम्रपणे म्हणाला. ती नम्रता मला आता आठवते आणि डोक्यात तिडीक जाते. "खालची पायरी आहे. ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, मग बॅरन. पण चारशे वर्षं जुनी."

इथला कोणी अमेरिकन असता तर हसून म्हणाला असता, वा, मजा आहे. मला ते मजेचं वाटत नाही. मी विदर्भातल्या एका गावात वाढलो. वडील बैलगाडीने खाणीतला दगड वाहायचे. पोळ्याला गावातली सगळ्यांत तगडी जोडी आमची. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, आणि तरी झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून होईपर्यंत आम्ही मागे उभे. तोरणाखालून पहिला जायचा तो पाटलाचा मानाचा बैल, मग तो लंगडत का असेना. मी एकदा मोठ्याने विचारलं, आपला बैल पहिला का नाही, आणि सगळ्या गावासमोर वडिलांची थोबाडीत खाल्ली. तेव्हापासून मला माहीत आहे की मान ही हवेतली गोष्ट नसते. कोणाला तरी थांबवून ती कोणाला तरी दिली जाते. म्हणून हा माणूस बॅरन आहे म्हणाला तेव्हा मला ढाल दिसली नाही, तोरण दिसलं.

लग्नाची बोलणी आमच्या स्वयंपाकघरात झाली. काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्याभोवती आम्ही दोघे, मुलगी आणि व्याही. बायकोने साबुदाण्याचे वडे केले होते. त्याने पाच खाल्ले.

मुहूर्त आम्ही आधीच काढून घेतला होता. गोरज. दिवस मावळताना गुरं घरी परततात, धूळ उडते, त्या वेळचा. माझं लग्न त्याच वेळेला झालं होतं, माझ्या सासूबाईंचंही. बायकोला दुसरा मुहूर्त नकोच होता. तिने मंगलाष्टकंही रचली होती. नागपुरात असताना ती बरीच वर्षं गाणं शिकली. इथे आल्यावर ते गाणं संसारात आणि यार्डाच्या हिशेबात बुडालं. मुलीचं लग्न ठरलं तशी ती कालव्याच्या कडेने फिरायला जाऊ लागली. चालता चालता दोन कडवी जुळवली, चाल बसवली. मला मात्र ऐकवत नसे. न्हाणीघराच्या दाराआडून गुणगुण ऐकू यायची, मी दारापाशी गेलो की थांबायची.

"मांडवात ऐका," म्हणायची. "तिच्यासाठी आहेत. तुम्ही फुकटात ऐकणार आहात."

तर व्याही वडा संपवून म्हणाला, "सूर्यास्ताची वेळ मला लागेल."

"का?"

"बॅरनचा प्रवेश सूर्यास्तालाच होतो. पुढे बॅगपाइप वाजवणारे पाइपर, मागे निशाण. सगळे उभे राहतात. आमच्या घराण्यात हे मोडता येत नाही."

मी म्हटलं, "आमच्या घराण्यातही मोडता येत नाही."

तो हसला. "पण तुमच्या घराण्याला बॅरनी नाही ना, माय फ्रेंड."

मुलगी पुटपुटली, "ओ माय गॉड." बायकोने मला ओट्याखालून पाय मारला. मी ओळखलं, की बायकोच्या मनात तेच आलं जे माझ्या मनात आलं: हा वरपक्ष, वर बॅरन, म्हणजे मानाच्या दोन पायऱ्या वर. मुलगी त्याच्या घरात जायची आहे. मी तासभर ताणून धरलं. शेवटी सौदा असा ठरला. सूर्यास्त त्याचा. आम्ही दुपारचा मुहूर्त घ्यायचा. आणि त्याबदल्यात अंतरपाट खाली येईपर्यंत त्याचे पाइपर पार्किंगमधून हलणार नाहीत. माझ्या बायकोचं गाणं पूर्ण होईल, मगच त्याचा बँड वाजेल.

"शब्द?" मी हात पुढे केला.

त्याने हात छातीवर ठेवला. "बॅरनचा शब्द."

तो गेल्यावर बायको बराच वेळ ओटा पुसत राहिली. आधीच पुसलेला. मग म्हणाली, "जाऊ द्या. दुपारीही गुरं असतातच की कुठेतरी."

लग्न एका जुन्या शेतावर होतं, आता तिथे फक्त लग्नंच लागतात. हिरवळीवर मांडव. सीमांतपूजनाला आमच्याकडे विहिणीचे पाय धुतात. विहीण नव्हती. मी म्हटलं, जावयाचे धुतले की झालं. पण व्याह्याने कोणाकडून तरी ही रीत ऐकली होती. तो खुर्चीवर बसला, चकचकीत बूट काढले, मोजे काढून खिशात घातले आणि दोन्ही पाय पुढे केले. "घराण्याची बाई नाही, तर घराण्याचा प्रमुख," म्हणाला. फोटोग्राफर पुढे धावला. माझ्या बायकोचे गुडघे दुखतात. ती तिच्या आईच्या चांदीच्या तांब्याने वाकून, त्या गुलाबी पायांवर पाणी घालत राहिली. पुसलेसुद्धा तिनेच. मी बघत होतो.

मग मुहूर्त. अंतरपाट धरला. भटजी म्हणजे आमच्या मंडळातले एक निवृत्त डॉक्टर काका, हौसेने लग्नं लावतात. त्यांनी संस्कृत मंगलाष्टकं म्हटली, मुलांच्या डोक्यावर अक्षता पडल्या. मग त्यांनी बायकोकडे बघून मान हलवली. तिने माइक घेतला. घसा साफ केला. डोळे मिटले.

आणि पाइप वाजले.

पार्किंगमधून नव्हे, मांडवाच्या मागून. तीन माणसं किल्ट म्हणतात तसल्या घागऱ्यांत, गाल फुगवून. त्यांच्या मागे निशाण, निशाणामागे तो, खांद्यावर झगा, हात वर. वरपक्षाचे सगळे पाहुणे खुर्च्या मागे सारत उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं हाच कार्यक्रम आहे. आपले लोक उभे होतेच, त्यांना वाटलं अक्षता आता टाकायच्या. त्या गोंधळात काका माझ्या कानात ओरडले, "काय करू? वेळ टळतेय!" मी काही बोलायच्या आत त्यांनी घाईने सावधान म्हणून टाकलं, अंतरपाट ओढला, आणि माझी मुलगी त्या पाइपांच्या कल्लोळात लग्न होऊन बसली. बायकोचे डोळे अजून मिटलेलेच होते. तिने ते उघडले, माइककडे बघितलं, बटण बंद केलं आणि काकांच्या हातात नीट ठेवून दिला.

मी त्याला जेवणाच्या वेळी गाठलं. "शब्द दिला होतास."

"ढग येत होते. फोटोग्राफर म्हणाला लाइट जाईल." त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "एव्हरीबडी लव्ह्ड इट!"

मुलीच्या लग्नात कोणी बाप हात उचलत नाही. मी उचलला नाही, त्याचं एवढंच कारण.

बायको म्हणाली, "घरी म्हणेन कधीतरी. दोघांना जेवायला बोलावू तेव्हा." पण त्या हिवाळ्यात तिच्या थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, तब्येत बरी आहे, देवाची कृपा. आवाज मात्र बसला तो बसलाच. बोलते, फोनवर भांडते, मला रागावते. सूर लागत नाही. ती दोन कडवी तिने कोणाला वाचूनही दाखवली नाहीत. मी विचारलं तर म्हणते, "वाचायची नव्हती ती." त्यात काय होतं हे मला आजही माहीत नाही. मुलीलाही नाही.

इथवर मी गप्प होतो. म्हटलं, मानाचा बैल आहे, पुढे गेला. लंगडत का असेना, मान त्याचा आहे.

पुढच्या उन्हाळ्यात व्याही अमेरिकेचा नागरिक झाला. इतकी वर्षं ग्रीन कार्डवरच होता. आम्हाला समारंभाला बोलावलं. माझी शपथ होऊन कितीतरी वर्षं झाली, पण मला एक गोष्ट पक्की आठवत होती. माझ्या मुलाखतीला अधिकाऱ्याने विचारलं होतं, तुमच्याकडे परदेशातली कोणती वंशपरंपरागत पदवी आहे का? मी म्हटलं होतं, "नो सर, आमच्याकडे बैल होते." तो हसला नाही. त्याने समजावून सांगितलं, की या देशात उमरावकी चालत नाही. ज्याच्याकडे पदवी असेल त्याला शपथेच्या वेळी सगळ्यांसमोर ती तिचं नाव घेऊन सोडावी लागते.

म्हणून मी त्या हॉलमध्ये पुढची खुर्ची धरून बसलो. खोटं कशाला बोलू, मला बघायचं होतं. चारशे वर्षांची बॅरनी सोडताना त्याचा चेहरा कसा होतो ते. मला त्याची थोडी कीवही आली होती. बायकोला म्हटलं, "बघ आता, आपला मुहूर्त गेला तसा त्याचा झगा जाणार." ती म्हणाली, "तुम्हाला कशाचा आनंद होईल सांगता येत नाही."

सगळ्यांनी हात वर केले. सगळ्यांनी शपथ घेतली. त्याने सगळ्यांच्या बरोबर, त्याच शब्दांत. झेंडे वाटले. संपलं. कोणी काही सोडलं नाही.

पार्किंगमध्ये मी विचारलं, "बॅरनी सोडायची राहिली का?"

"कुठली?" मग त्याच्या लक्षात आलं आणि तो खदखदून हसला. "अरे, ती पदवी नाही! ती प्रॉपर्टी आहे. एका जुन्या जहागिरीचं नाव, विकायला होतं, मी विकत घेतलं. वकिलाला विचारून घेतलं मी. पदवी आहे का, तर नाही. मुलाखतीत तेच सांगितलं."

"मग घराणं? चारशे वर्षं?"

"जहागीर चारशे वर्षं जुनी आहे. मी म्हणालो ते खरंच आहे."

"आणि सूर्यास्ताचा प्रवेश?"

"तो शो होता, माय फ्रेंड. लग्नात थोडा शो लागतो."

मुलगी माझा दंड धरून म्हणाली, "बाबा, प्लीज. नॉट हिअर." मी तिथे काही केलं नाही. गाडीत बसलो. पण घरी आल्यावर वाचायला लागलो, आणि वाचत गेलो तसा भडकत गेलो.

आयर्लंडला आधी आपले सरदार होते, आपल्या कुळांचे प्रमुख. इंग्रजांच्या राजाने त्यांना सांगितलं, तुमची जमीन आणि तुमचं जुनं नाव आम्हाला द्या, मग तीच जमीन आम्ही तुम्हाला परत देऊ, वर अर्ल म्हणू. काहींनी घेतलं. जे नाही म्हणाले त्यांची जमीन तशीही गेली. मग राजाने आपली माणसं तिकडे बसवली आणि त्यांना पदव्या वाटल्या. तरीसुद्धा आयरिश अर्ल लंडनच्या मिरवणुकीत इंग्लिश आणि स्कॉटिश अर्लच्या मागे. पुढे आयर्लंडचं राज्य लंडनच्या राज्यात मिळवलं तेव्हा आयरिश उमरावांना लंडनच्या वरच्या सभागृहात सरसकट जागाही मिळाली नाही, त्यांनी आपल्यातून थोडेसे निवडून पाठवायचे. ज्याला खूश करायचं पण आपल्या सभागृहात बसवायचं नाही, त्याला आयरिश पदवी देऊन टाकायची ही लंडनची पद्धतच होती. प्लासी जिंकणाऱ्या त्या कंपनीच्या माणसालाही बॅरनी मिळाली ती आयर्लंडचीच, आणि तो त्यावर नाखूश होता. बंगाल लुटून झाल्यावर त्यालाही मागच्याच रांगेत उभं केलं. आमच्याकडे रावबहादूर वाटले तसंच. आणि आजचं आयर्लंड? ते प्रजासत्ताक आहे. पदव्या देत नाही, त्यांच्या घटनेतच तसं लिहिलंय.

म्हणजे खरे उमरावसुद्धा मागच्या रांगेतले. आणि माझा व्याही त्या रांगेतही नाही. रांगेच्या बाहेर जे विकायला होतं ते त्याने घेतलं. जहागिरीचं रिकामं नाव. त्याने कोणी उमराव होत नाही, सभागृहात बसत नाही, मिरवणुकीत चालत नाही. पाइपसुद्धा स्कॉटलंडचे, घागरे भाड्याचे.

मी बायकोला हे सगळं सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. मला वाटलं चिडेल. ती त्या घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाली, "म्हणजे मी पाय कोणाचे धुतले?"

मी व्याह्याला फोन केला. म्हटलं, घरी ये आणि तिला सांग. तो म्हणाला, "इतकं काय मनाला लावून घ्यायचं? थँक्सगिव्हिंगला भेटू, टर्की कापू, विसरून जाऊ." मी म्हटलं टर्की मी खात नाही आणि विसरतही नाही. मुलीचा फोन आला. इंग्रजीत रडली. "बाबा, इट्स डन. लेट इट गो." जावई लाजून म्हणाला, "आय विल टॉक टू हिम." बोलला असेलही. तो आला नाही.

लोक म्हणतात मी रागीट आहे. आहे. पण धंद्यात मी कधी रागाने सौदा मोडला नाही, आणि दिलेल्या शब्दाला मागाहून हा नुसता शो होता असं म्हटलेलं नाही. या माणसाने एकच गोष्ट दोन दारांवर दोन नावांनी दाखवली. माझ्या स्वयंपाकघरात ती पदवी होती, कारण तिथे सूर्यास्त मिळवायचा होता. सरकारच्या दारात ती प्रॉपर्टी झाली, कारण तिथे नागरिकत्व मिळवायचं होतं. वकील म्हणतील दुसरं उत्तर कायद्याने बरोबर आहे. असेल. मग पहिलं खोटं होतं. आणि पहिलं खरं असेल तर अमेरिकेसमोर हात वर करून तो खोटं बोलला. दोन्ही दारांतून एकाच वेळी बाहेर पडता येणार नाही.

माझी मागणी साधी आहे. आमची मुलं सुखी आहेत, त्यांच्यात मला काही ओढायचं नाही. माफीही नको, ती त्याला फार छान जमेल. लग्नाला होते ते लोक बोलवा, हिरवळ तीच असू दे, वेळ या वेळी गोरज. पाइप नकोत. माझी बायको खुर्चीवर बसेल आणि तो उभा राहील. तिने त्या दिवशी खाली वाकून कोणाचे पाय धुतले, बॅरनचे की दलालाचे, हे त्याने तिच्या तोंडावर, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगावं. तिचं गाणं आता परत येणार नाही. उत्तर तरी यायलाच हवं. व्याही, मी वाट बघतोय. उत्तर दे.